कपाचा दुसरा कान

“अगं, काढतेस कशाला तो!”

आई एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ दचकलेच. पण काचेपलीकडे भिंगरीला काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. तिने कपाचा दुसरा कान धरला, पिळला आणि उपटून टेबलावर टाकला. मघाशीच स्वतः चिकटवलेला, चांगला घट्ट बसलेला कान!

“बाई, काचेवर हात आपटू नका,” दाराशी उभी असलेली कार्यकर्ती म्हणाली. “तुम्हाला स्पीकरवर सगळं ऐकू येतं. मुलांना तुम्ही ऐकू येत नाही, दिसतही नाही. मुद्दाम केलंय तसं. नाहीतर आईबापच स्पर्धा खेळतात.”

आई मुकाट्याने खाली बसली. उजवा हात तिने पुन्हा मांडीखाली दाबला.

स्पर्धा डोकं चालवायची होती. कोडं आयत्या वेळी दिलेलं: रोजच्या वापरातली एक वस्तू घ्या, ती वापरणं ज्याला जड जातं असा एक माणूस मनात धरा, आणि त्याच्यासाठी ती बदला. पहिल्या येणाऱ्याला उन्हाळी शिबिराचं बोलावणं. त्या शिबिरासाठी पोरीने वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं. एका जागी ठरत नाही म्हणून तर तिचं नाव भिंगरी. घड्याळ उघडून झालं, मिक्सर उघडून झाला, एकदा बाबांच्या चष्म्याचे स्क्रूही काढून झाले.

बाकीची पोरं काय काय करत होती! एकाने पाठीला बांधायची छत्री केली. एकीने अंथरुणातून दिवा बंद करायची लांबलचक काठी. आणि आमच्या बाईसाहेब एक साधा कप घेऊन बसलेल्या. पण कपाच्या आत छोटा कप, आणि दोन्हींच्या मधे रबरबँडचं जाळं. बाहेरचा कप कितीही हलवा, आतलं पाणी सांडत म्हणून नव्हतं. दोन बाजूंना दोन कान, दोन्ही हातांनी धरायला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांसाठी असणार, आईने ताडलं. त्यांचा निम्मा चहा कायम बशीत सांडलेला. तिला पोरीचं कौतुक वाटलं होतं. झालं की आता, हात वर कर आणि परीक्षकांना बोलाव! तर नाही. पोरीने एक कान उपटला, आणि आता त्या जागी कागद चिकटवून रंग देत बसली होती.

“पहिला नंबर हातात होता हो,” आई नवऱ्याला म्हणाली. “घालवतेय बघा. आणि आपण बसलोय नुसते!”

बाबा उठून यंत्रातला चहा घेऊन आले. “घे, घसा ओला कर.”

“पुन्हा अर्धाच? अहो, इथे फुकटचा आहे. इथे तरी हात सैल सोडा.”

“गरम असतो गं,” बाबा पुटपुटले.

तिने कप डाव्या हातात घेतला. हल्ली ती सगळंच डाव्या हाताने करायला शिकत होती. बेकरीत केकवर नावं लिहायचं तिचं काम. अक्षर असं की लोकांना सुरी लावायला जिवावर यायचं. हिवाळ्यात उजवा हात थरथरायला लागला. ती एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली. हे वाढतच जाणार, एवढं कळलं. घरी तिने ब्र काढला नाही. पेला निसटला की साबणाच्या नावावर, दूध सांडलं की मांजराच्या. एकदा का यांना कळलं, की जो तो तिच्याकडे कीव करून बघणार, हातातली वस्तू हळूच काढून घेणार. थरथरीपेक्षा तिला त्याचीच जास्त धास्ती होती.

घंटा झाली. परीक्षक बाई भिंगरीच्या टेबलाशी आल्या. त्यांनी कपात पाणी भरलं, गदागदा हलवला. थेंब पडला नाही.

“छान गं! हात थरथरणाऱ्या माणसासाठी ना?”

भिंगरीने मान डोलावली.

“मग इथला कान का काढलास? खूण दिसतेय. दोन्ही हातांनी धरता आला असता की. त्याचे गुण जातील हं.”

भिंगरी आपली चपलेने जमीन घासत राहिली.

“तुटला म्हण,” आई काचेला चिकटून कुजबुजली. “बाळा, काहीतरी बोल गं.”

“दोन कान असले की कप वेगळा दिसतो,” भिंगरी म्हणाली. “मग आईला कळेल.”

“काय कळेल?”

“आम्हाला माहीत आहे ते.” तिने आवाज आणखी खाली आणला. “तिने लपवून ठेवलंय ना. तुम्हीपण कुणाला सांगू नका हं.”

परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. भिंगरीने टेबलावर पडलेला कान उचलून खिशात टाकला.

आई मागे सरून खुर्चीत बसली. उजवा हात मांडीवर उघडाच पडला होता, थरथरत. लपवायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. काचेवरची नजर न काढता तिने विचारलं, “केव्हापासून?”

बाबांनी तो हात आपल्या हातात घेतला.

“चहा अर्धा भरायला लागलो ना,” ते म्हणाले, “तेव्हापासून.”