आईसारखाच फोन

जुना फोन काउंटरवर ठेवताना दुकानदारानं विचारलं, "इतकी वर्षं अँड्रॉइड वापरलात, मग आता एकदम आयफोन?"

"आईकडेही असाच होता," विभावरी जुन्या फोनवर बोट ठेवत म्हणाली. आई महिन्यापूर्वी गेली, हे तिनं सांगितलं नाही.

दर रविवारी मिरजेहून आईचा फोन यायचा. "अगं, अक्षरं बारीक झालीत." "अगं, फोटो कुठं गडप झाले?" मग विभावरी फोन स्पीकरवर टाकून, स्वतःच्या पडद्यावर बघत एकेक पायरी सांगायची. दोघींचा फोन सारखा असला की आंधळ्यालाही वाट दाखवता येते, असं आई म्हणायची. म्हणून ऑफिसातल्यांनी कितीही चिडवलं तरी तिनं फोन बदलला नव्हता.

घरी येऊन ती नव्या फोनमध्ये मागे जायचं बटण शोधत होती, तेवढ्यात आईच्या शेजारच्या शरयूकाकूंचा फोन आला.

"विभा, माझा फोन वाजतच नाही बघ. अगं, तुझी आई विचारायची ना, ते सगळं माझंच असायचं. आमचे फोन जोडीनंच घेतलेले. मला तुला विचारायची लाज वाटायची. मी बाजूलाच बसलेली असायचे."

विभावरीनं फोन स्पीकरवर टाकला. नव्या पडद्यावर ओळखीचं काही नव्हतं. तिनं डोळे मिटून जुना आठवला.

"वरून खाली बोट ओढा, काकू. काय काय दिसतंय?"

"थांब हं, चष्मा शोधते."

"शोधा सावकाश," ती म्हणाली. "मला कुठं जायचं नाहीये."