खुर्चीतली बाई

तीन महिने अँटिबायोटिकच्या गोळ्या खाऊन नवऱ्याच्या पायाच्या हाडातला जंतुसंसर्ग बरा होत आला, पण खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीत त्याला एक बाई दिसायला लागली. बायकोच्या वाट्याला कधी न आलेलं हसू तो त्या खुर्चीवर उधळू लागला.

"एवढं काय आहे हो तिच्यात?"

"तुझ्यासारखं माझं बोलणं मध्येच तोडत नाही ती."

बायकोने तडक दवाखाना गाठला.

"इतके दिवस औषध घेतलं की मेंदूवर होतो कधीकधी परिणाम," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या बदलू. बाई आपोआप निघून जाईल."

"अशी सुखासुखी?" बायकोने बाह्या सरसावल्या. "आधी त्याच गोळ्या मला लिहून द्या. तिच्याशी एकदा समोरासमोर बोलायचंय."