सहावा नियम

शाळेच्या लॅपटॉप-नियमांचं घोडं सहाव्या कलमावर अडलं होतं. पहिली पाच कलमं चहा संपायच्या आत मंजूर झाली. लॅपटॉप घरून चार्ज करून आणायचा, झाकणावर स्टिकर नकोत, असलंच काहीतरी. सहावं मात्र कडक होतं. तास चालू असताना लॅपटॉप उघडा दिसला, तर वर्षभरासाठी जमा.

विद्यार्थ्यांच्या वतीने आलेली नववीतली मुलगी एवढंच म्हणाली, "फक्त इतिहासाच्या तासाला उघडा राहू द्या."

"बघा!" पीटीचे सर उसळले. "हिच्यामुळेच तर हा नियम करायची वेळ आली. मैदानावरून रोज दिसते मला. पहिल्या बाकावर बसून टकटक चालू असते. वर स्क्रीन वळवून दाखवतेसुद्धा."

"कुणाला?"

"ते नाही दिसलं खिडकीतून."

सगळे हसले. इतिहासाचे सरही हसले, जरा उशिराने. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बैठकीत ते कशालाच विरोध करत नसत. मान डोलवायचे, प्रसन्न हसायचे. त्यामुळे सगळ्यांना ते फार आवडत.

"काय टाइप करतेस गं?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

मुलीने मिठाची गुळणी धरली. पालकांचे प्रतिनिधी दंतवैद्य होते. मिटलेलं तोंड त्यांना मुळीच खपत नसे. "अगं, सांगून टाक, सुटशील," ते म्हणाले. तिने एकदा इतिहासाच्या सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मग आजपासूनच जमा," बाई म्हणाल्या.

मुलीने लॅपटॉप मिटून निमूटपणे पुढे सरकवला. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण डोळे भरून आलेच.

"सर, तुमच्याच तासाचा प्रश्न आहे," बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुमचं काय मत?"

सर नेहमीसारखे हसत मान डोलवू लागले आणि मध्येच थांबले. त्यांना टेबलावरचा बंद लॅपटॉप दिसला, मग मुलीचे डोळे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठून लॅपटॉप उचलला, तिच्यापुढे ठेवला आणि स्वतःच्या हाताने उघडला.

"लिही, बाळ," ते म्हणाले. "वर्गात मुलांचे प्रश्न लिहून दाखवतेस ना मला, तसंच. मोठ्या अक्षरात. बाई आत्ता काय म्हणाल्या?"