दाराजवळची कुंडी

पाणी तोडलेल्या काचघरात दर चाचणीला बाकीचा मका करपायचा. दाराजवळच्या कुंडीतला वाण तेवढा हिरवागार राहायचा. त्याच वाणाचं बियाणं यंदा धाकट्या दिरानं साऱ्या कोरडवाहू रानात पेरलं होतं, संशोधक वहिनीच्या शब्दावर. पावसानं दडी मारली. सकाळीच दिराचा फोन आला, “वहिनी, मका मान टाकतोय.” “घाबरू नका भावोजी, तग धरेल,” ती छातीठोकपणे म्हणाली. दुपारी सासूबाई नेहमीसारख्या डबा घेऊन काचघरात आल्या. दोन घोट पाणी प्यायल्या आणि बाटलीत उरलेलं त्यांनी दाराजवळच्या कुंडीत ओतलं. तिनं हातातला घास डब्यात परत ठेवला. “आई, हे रोज करता?” “मग! पाणी काय फेकून देऊ?” तोच पुन्हा दिराचा फोन आला. ती कुंडीतल्या ओल्या मातीकडे बघत राहिली. “घे की गं,” सासूबाई म्हणाल्या, “सांग त्याला, हा मका मरत नाही. मी रोज बघते ना.”