रेसचा ॲक्सल

महमूद चावी फिरवणार तोच शब्बीरने खिडकीतून हात घालून त्याचं मनगट धरलं.

"उतरा, महमूदभाय."

"का? टेस्ट ड्राइव्ह बाकी आहे."

"उतरा म्हणतो ना. मागचा ॲक्सल तोच हाय."

महमूद उतरला. आखातातल्या सित्रा गावच्या त्या गॅरेजात सकाळचे दहाच वाजले होते, पण वरचा पत्रा तापला होता. लाल गाडी नव्वद वर्षांपूर्वीची, अमेरिकन. आत नवं, दांडगं इंजिन. गाडीचा मालक यूसुफ याला ॲक्सलही रेसच्या गाडीचा हवा होता. जुना, खरोखर रेस पळालेला. मागून तो उघडा दिसतो म्हणून. त्याने तो कुठून तरी मिळवून आणला, आणि रजेवर जाण्याआधी महमूदनेच तो तपासला. भेगा शोधायचा लाल रंग लावून पुसला, वर पांढरी पावडर फवारली. ॲक्सलच्या नळीवर, ब्रॅकेटच्या कडेला, केसासारखी लाल रेघ उमटली. तडा. "हा भंगारात टाका," असं मॅनेजर गौरवला सांगून महमूद रत्नागिरीला गेला. काल परत आला तेव्हा गाडीखाली काळाभोर, चकचकीत ॲक्सल बसलेला होता. दुसरा मिळाला, असं गौरव म्हणाला होता.

"वेल्ड कोणी मारला?"

"मीच," शब्बीर म्हणाला. "घासून सपाट केला, वर पेंट मारला. गौरवसाहेब बोलले, शुक्रवारी गाड्यांचा शो हाय, दुसरा यायला महिना लागंल."

हूऱ्यातल्या एकाच खोलीत दोघांनी अकरा वर्षं काढली होती.

"मी बसलो म्हणून बोललास. यूसुफ बसला असता तर?"

शब्बीर बुटाच्या टोकाने जमिनीवरचं तेल पुसत राहिला.

गौरव केबिनमधून बाहेर आला. दोघांचे चेहरे बघून त्याला काय ते कळलं.

"महमूदभाई, मी स्वतः चालवून बघितलीय. काही होत नाही."

"नुसती चालवून कळत नाही, साहेब. उभ्या गाडीला एकदम पाय दाबला की सगळा जोर त्या नळीवर येतो. तिथेच ती एकदा फाटलीय."

"क्लायंट दारात आहे. आता हा विषय नको."

यूसुफ आला तो आपल्या मुलीला घेऊनच. सात-आठ वर्षांची असेल. ती सरळ पुढच्या सीटवर चढून बसली. मग महमूदला राहवलं नाही. मोडक्यातोडक्या अरबीत आणि हिंदीत त्याने यूसुफला सगळं सांगितलं.

गौरव शांतपणे इंग्रजीत बोलला. हे आमचे जुने मिस्त्री, फार चांगला माणूस. आता नजर कमी झालीय. रजेवर होते, ॲक्सल बदलला ते यांनी पाहिलेलं नाही.

यूसुफ गाडीमागे उकिडवा बसला. त्याने नळीवरून हात फिरवला. पेंट गुळगुळीत होता. उठून त्याने शब्बीरकडे बोट केलं.

"तुम बोलो. ये दुसरा है?"

शब्बीरने महमूदकडे पाहिलं नाही.

"दुसरा है, अरबाब. चेक किया."

"खलास," यूसुफ हसून म्हणाला. त्याने महमूदच्या खांद्यावर थोपटलं. म्हाताऱ्या नोकराला थोपटावं तसं, मायेने.

महमूद गाडीपुढे जाऊन उभा राहिला. यूसुफने गाडीत बसून हॉर्न दिला. पुन्हा दिला. गौरवने येऊन महमूदच्या कोपराला नुसता हात लावला, आणि महमूद बाजूला झाला.

"माझा व्हिसा रिन्यूला गेलाय," त्या दिवशी जेवताना शब्बीर म्हणाला. "तुमाला तर म्हायतीच हाय." महमूदने भाजी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून महमूदला ऑइल बदलायच्या खड्ड्यात उतरवलं. बावीस वर्षं गिअरबॉक्स आणि ॲक्सल उघडणारा माणूस आता खालून नट सोडून काळं तेल डब्यात पडताना बघत असे. नवी पोरं त्याच्या नजरेची चौकशी करत. कुणीतरी तर डोळ्यांत घालायचे थेंबही आणून दिले.

सुरुवातीला गॅरेजातला फोन वाजला की तो हातातला पाना थांबवायचा. आता ॲक्सल तुटल्याचं ऐकू येणार, अशी भीती वाटायची. महिना गेला, दोन गेले. पुढे पुढे फोन वाजला की तो कान टवकारू लागला, आणि दुसरंच काही निघालं की त्याचा हिरमोड व्हायचा.

चार महिन्यांनी एका शुक्रवारी, संध्याकाळी, तो आणि शब्बीर हूऱ्यातल्या हॉटेलाबाहेर चहा पीत उभे होते. सिग्नलला ती लाल गाडी येऊन थांबली. फुटपाथवरची माणसं मोबाइल काढून फोटो घेऊ लागली. खिडकीतून मुलगी सगळ्यांना हात हलवत होती. केस वाऱ्याने तोंडावर येत होते, तिला हसू आवरत नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला. यूसुफने पाय दाबला. मागचे टायर किंचाळले, धूर निघाला, गाडीचं नाक वर उचललं गेलं आणि ती सरळ, बाणासारखी पुढच्या वळणापर्यंत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

महमूदचा चहा तसाच हातात राहिला होता.

"तुटायला पायजे होता," तो म्हणाला.

शब्बीर चहा खाली ठेवून त्याच्याकडे वळला.

"महमूदभाय," तो हळू आवाजात म्हणाला, "आत पोर बसलीय."