मोरूचा उजवा हात

कापड विणायच्या लूमच्या पट्ट्यात अडकून मोरूच्या उजव्या हाताची नस तुटली. तेव्हापासून कामतघर वस्तीतल्या खोलीत तो हात मांडीवर मेल्यासारखा पडून असे.

"नसेकडून निरोप येईनासा झाला, की स्नायू हावरा होतो," डॉक्टर म्हणाले होते. "मग निरोपाच्या रसायनाचा एवढासा थेंबही त्याला पुरतो. कुठूनही आलेला."

"कुठून म्हंजे?" मोरूच्या बायकोने, रंगूबाईने विचारलं. डॉक्टर हसून पुढच्या रुग्णाकडे वळले.

नंतर एकदा ती भाकरी थापत असताना मोरूची मेलेली बोटं मांडीवर तिच्याच तालात थापू लागली. ती थांबली. बोटंही थांबली.

"तू हलवतेस काय गं?"

"मी कशाला? मी हातबी लावला न्हाय."

शुक्रवारी सुट्टी म्हणून वस्तीतले सगळे लूम बंद होते. पीठ मळता मळता रंगूबाईने मुद्दाम हात आवरले. मोरूची बोटं मात्र थांबली नाहीत. लूमवर तुटलेल्या धाग्याला कारागीर मारतो तशी झटपट गाठ ती मारू लागली, एकामागून एक.

"मी न्हाय करत," मोरू घाबरून म्हणाला.

 रंगूबाई परातीत बघत होती. तिने आयुष्यात कधी लूमचा धागा हाती धरला नव्हता, आणि तिची पिठाने माखलेली बोटं तीच गाठ मारत होती.