आतल्या बाजूचे आकडे

"साहेब, गाडी फार वेगात चालवता का?" टायरच्या दुकानदाराने विचारलं.

"मी? मला सायकलसुद्धा धड येत नाही," धाकटा भाऊ म्हणाला. "गाडी ताईची आहे."

दुकानदार हसला. दारात उभ्या असलेल्या त्या बुटक्या, दोन दारांच्या लाल गाडीकडे त्याने पाहिलं, मग ताईच्या पांढऱ्या केसांकडे, आणि पुन्हा भावाकडेच वळला. "मग त्यांना म्हणावं, साधे टायर घ्या. आवाज नाही, काही नाही. नाहीतर सरळ सतरा इंची चाकं घाला. गाडी वीस वर्षांची असली तरी नवरीसारखी दिसेल."

ताईने सव्वीस वर्षं रुग्णवाहिका चालवली होती. निवृत्त झाल्यावर तिने ही गाडी घेतली, शेजारी उभं राहून तिचं इंजिन खोलून नव्यासारखं करून घेतलं, आणि दर रविवारी पहाटे डोंगराच्या रस्त्याला ती एकटी निघायची. मघापासून ती राग गिळत उभी होती.

"मी इथेच आहे. माझ्याशी बोला," ती म्हणाली. "सतरा इंची चाकं वळताना मडगार्डला घासतात. मला पंधरा इंचीच हवेत. ओल्या रस्त्यावर पकड न सोडणारे, आणि वळणावर ज्यांची बाजू दबत नाही असे. तीन दुकानं पालथी घातली, या मापात असले टायर कुणाकडे नाहीत. तुमच्याकडे आहेत का, तेवढं सांगा."

दुकानदाराने भुवया उंचावल्या. "नशीब काढलंत. एकच सेट उरलाय."

टायर बसवणारा कारागीर आतून एकेक टायर घरंगळत घेऊन आला. काळेभोर, चकचकीत. ताई खाली बसली. खाचा खोल होत्या, नक्षी तिला हवी तशीच होती. तिने बाजूवरून तळवा फिरवला, तर हाताला तेलकट काहीतरी लागलं.

"नव्या टायरला पॉलिश कशाला?"

"पाहुण्यांपुढे ठेवताना ताटसुद्धा पुसतो ना आपण!"

चौथा टायर उभा करताना कारागिराने तो अर्धा फिरवला आणि पाय लावून धरून ठेवला. ताईच्या नाकासमोर चार बारीक आकडे आले. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

तिने ते दोनदा वाचले. मग उरलेल्या तीन टायरवरचे शोधून वाचले.

"सात वर्षांपूर्वी बनलेत हे."

"पण वापरलेत कुठे? गोदामात झोपून होते. एक किलोमीटर चाललेले नाहीत."

"रबर झोपूनही म्हातारं होतं. आधी पकड जाते, मग आतून भेगा. आणि हे तुम्ही वेगाच्या गाडीला विकताय?"

"एवढं कुणी बघत नाही हो, ताई." आता कुठे तो तिच्याकडे बघून बोलला. "आत्ताच याच खेपेतले दुसऱ्या मापाचे चार बसवलेत. ती काय, निघालीच ती गाडी. हूं की चूं केलं नाही त्यांनी."

फाटकापाशी एक निळी गाडी वळत होती. मागच्या सीटवर एक लहान मूल झोपलेलं दिसत होतं.

"ताई, आपण दुसरीकडे बघू, चल," भाऊ म्हणाला. पण ताई धावत सुटली होती. ती थेट गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

आतल्या माणसाने हॉर्न दाबला. "अहो बाई, मरायचंय का?"

"मला नाही. तुमचे टायर सात वर्षं जुने आहेत."

दुकानदार धापा टाकत आला. "काहीतरीच! दाखवा ना, कुठे लिहिलंय?"

ताईने वाकून चाक पाहिलं. बाहेरून तारखेचा मागमूस नव्हता. तिने मान वर केली. कारागीर हात पुसत मागे उभा होता. तो एकदा मालकाकडे बघून मग म्हणाला, "आतल्या बाजूला आहेत आकडे. तसेच बसवायला सांगतात आम्हाला."

"जाऊ द्या हो," गाडीतला माणूस कंटाळून म्हणाला. "गावातल्या गावात फिरायचं. चाळीसच्या वर कोण पळवतंय?"

ताईचा आवाज फाटला. "जाऊ द्या? सव्वीस वर्षं रस्त्यावरून मी 'जाऊ द्या' म्हणणाऱ्यांनाच उचललंय! आणि त्यांच्या पोरांना!"

मग दुसऱ्या बाजूचं दार उघडून त्या माणसाची बायको उतरली. तिने मोबाइलचा दिवा लावला, गुडघे टेकून चाकाच्या आतल्या बाजूला डोकं घातलं, आणि बराच वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा तिच्या गालाला काळं लागलं होतं.

तिने मागचं दार उघडलं, पट्टा सोडवला, झोपलेलं मूल खांद्यावर घेतलं आणि दुकानातल्या बाकावर जाऊन बसली.

"अगं, उशीर होतोय," नवरा म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. "तू जा चालवत."

तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. दुकानदार त्याला काहीतरी समजावत होता. कारागिराने मालकाकडे न बघता जॅक ओढत आणला आणि निळ्या गाडीखाली सरकवला.